भिजत घोंगडं आणि चिंचोक्याची खळ

कुठलंही काम लोंबकळत पडलं की आपण म्हणतो, ‘त्याचं भिजत घोंगडं झालंय.’ सेमिनारचा विषय, बॅकलॉगचा फॉर्म, तिसऱ्या मजल्यावरचा गळका नळ, सगळ्यांची भिजत घोंगडी. पण मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणांनी खरंखुरं घोंगडं भिजलेलं पाहिलंय? आमच्या विंगमध्ये विचारलं तेव्हा दोनच हात वर आले, आणि त्या दोघीही सांगोला-जत पट्ट्यातल्याच.

भिजलेलं घोंगडं एकट्याला पिळता येत नाही. दोरीवर टाकलं तर दोरीच जमिनीला टेकते. ढगाळ हवा असेल तर दोन-दोन दिवस वाळत नाही, ओलं घडी घालून ठेवावं तर वास मारतं, आणि तसंच पांघरावं तर खांदे मोडतात. म्हणजे धड वापरता येत नाही, धड बाजूला टाकता येत नाही. ज्या कुणी ही म्हण काढली त्याला कापडाची चांगली पारख असणार. टेक्स्टाइलच्या पुस्तकांत ‘मॉइश्चर रीगेन’चा तक्ता असतो. प्रमाणित हवेत कोणता धागा किती ओल धरतो ते त्यात दिलेलं असतं: पॉलिस्टर ०.४ टक्के, कापूस ८.५ टक्के आणि लोकर साधारण १६ टक्के. हवा अगदी दमट झाली तर लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. वर ती ओल शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. पावसाळी रात्री रानात मेंढरांपाशी बसलेल्या माणसाला घोंगडी ऊबदार का वाटते, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मी मेकॅनिकलची, टेक्स्टाइलची नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे टेक्स्टाइलवाल्यांनी व्हायव्हा घ्यायला नको. माझं आजोळ सांगोला तालुक्यात. तिथे सणगर समाजाची घोंगडी विणणारी घरं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस अशा एका घरात जाऊन बसले, सूत उकललं, खळ ढवळली, पुष्कळ प्रश्न विचारून त्यांचा वेळ खाल्ला. त्यातून जे समजलं ते, आणि परत आल्यावर लायब्ररीत जे सापडलं ते, असं दोन्ही इथे मांडते आहे.

सुरुवात मेंढीपासून. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, कवठेमहांकाळ हा सगळा कमी पावसाचा पट्टा. इथली मेंढी ती दख्खनी मेंढी. काटक, लांब चालणारी, बहुधा काळी किंवा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. तिची लोकर वर्षाला किलोभरसुद्धा निघत नाही, आणि निघते तीही जाड. स्वेटरची मेरिनो लोकर वीसेक मायक्रॉनची असते. दख्खनी लोकरीचा केस सरासरीने त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. त्यात काही केस मधून पोकळ असतात. म्हणून घोंगडी टोचते. जी टोचत नाही ती जावळाची घोंगडी. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ, माणसाच्या बाळाचं असतं तोच शब्द. ती मऊ, काळीभोर आणि थोडीच मिळते, म्हणून जावळाच्या घोंगडीचा भावही वेगळा आणि मानही वेगळा.

घोंगडीचा काळा रंग कुठल्या पिंपातून येत नाही, तो मेंढीच्या अंगातूनच येतो. आपल्या केसात असतं तेच मेलॅनिन. उन्हात वर्षानुवर्षं वापरली की घोंगडी काळ्याची तपकिरी होते, पण पाण्यात रंग सोडत नाही. पांढरा रुमाल ओला करून घासा. रुमाल काळा झाला तर ती रंगवलेली आहे असं समजा. किनारीचा पांढरा पट्टा म्हणजे पांढऱ्या मेंढीची लोकर. हीच नक्षी, दुसरी नाही. काळा, पांढरा आणि मधला करडा एवढ्या तीन रंगांत सगळा कारभार. ज्यांना ‘पारंपरिक नक्षीकाम’ म्हटलं की मोर आणि कोयरी आठवते त्यांची इथे निराशा होईल. मला मात्र पट्ट्यांचं ते मोजकं गणित फार आवडलं. किनारीत पांढरे धागे किती आणि काळे किती हे विणणारा मोजत नाही, त्याचे हात मोजतात.

लोकर कातरली की आधी निवडायची. काडी-कचरा, गोखरूचे काटे, लेंडी, सगळं हाताने वेचून काढायचं. मग धनुकलीने पिंजायची. पिंजणं म्हणजे गुंता सोडवून केस मोकळे करणं. मग चरख्यावर सूत. हे काम बायकांचं, आणि हेच सगळ्यात वेळखाऊ. लोकरीचा केस पृष्ठभागावर खवल्याखवल्यांचा असतो, माशासारखा. पीळ दिला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि सूत धरून राहतं. पण हाताने कातलेलं सूत एकसारखं नसतं. त्यावर केसांची टोकं बाहेर आलेली असतात. आता हे सूत मागावर ताणा म्हणून लावलं तर काय होईल? प्रत्येक ठोक्याला फणी त्यावर घासणार, शेजारचे धागे एकमेकांना धरणार, टोकं गुंतणार आणि ताणा तुटत राहणार. बाणा एकदाच जाऊन बसतो, त्याला त्रास नाही. ताणा मात्र शेवटपर्यंत झिजत असतो. मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर हा फटीग आणि ॲब्रेजनचा एकत्रित प्रश्न आहे, आणि त्यावरचं उत्तर चिंचेच्या झाडावर लटकलेलं आहे.

चिंच फोडल्यावर उरतो तो चिंचोका. ‘पैसे म्हणजे काय चिंचोके आहेत का?’ असं आपल्याला घरी ऐकवतात, इतकी त्याची किंमत. बार्शी-लातूरकडे उन्हाळ्यात चिंच फोडण्याचं काम घरोघरी चालतं आणि चिंचोक्यांचे ढीग पडतात. घोंगडी विणणाऱ्या घरात हे चिंचोके भाजतात, वरची तांबडी सालं काढतात, आतला पांढरा गर भिजवून वाटतात आणि पाण्यात शिजवून त्याची खळ करतात. ताणा अंगणात किंवा गल्लीत लांबच्या लांब ताणून धरायचा, त्यावर खळ टाकायची आणि मोठ्या कुंच्याने एकाच दिशेने ओढत न्यायची. याला पाजणी म्हणतात. धाग्याला खळ पाजायची, किती नेमका शब्द! कुंचा फिरला की बाहेर आलेली टोकं धाग्याला चिकटून बसतात आणि उन्हात वाळल्यावर धाग्याभोवती एक पातळ, लवचिक कवच तयार होतं. पाजणीपूर्वीचा आणि नंतरचा धागा मी दोन बोटांत धरून ओढून पाहिला. आधीचा कापसासारखा उलगडत गेला, नंतरचा तारेसारखा उभा राहिला.

खळ किती घट्ट हवी हे मी विचारलं. त्या घरातल्या मावशी म्हणाल्या, ‘लई घट झाली तर मोडतंय, पातळ झाली तर पिंजारतंय. बोटाला इचार.’ बोट बुडवून वर काढायचं आणि थेंब कसा पडतो ते बघायचं. आपल्या लॅबमध्ये यालाच व्हिस्कॉसिटी म्हणतात आणि त्यासाठी रेडवुडचं उपकरण ठेवलेलं असतं. दोन्हींत तत्त्व एकच आहे, द्रव किती वेगाने खाली उतरतो ते पाहायचं. मावशींच्या उपकरणाला कॅलिब्रेशन सर्टिफिकेट नाही एवढंच.

पण चिंचोकाच का? ज्वारीची किंवा मैद्याची खळही करता आली असती. लायब्ररीत याचं उत्तर मिळालं आणि मला ते फार सुंदर वाटलं. ज्वारी-मैद्यात असतो तो स्टार्च. स्टार्चची खळ थंड झाली की आळते, आणि वाळल्यावर तिचा पापुद्रा ठिसूळ होतो. चिंचोक्यात स्टार्च नसतो, झायलोग्लुकन नावाचं दुसरंच बहुशर्करा द्रव्य असतं. त्याच्या रेणूचा कणा सेल्युलोजसारखाच, ग्लुकोजच्या सरळ साखळीचा. पण त्या कण्याला झायलोज आणि गॅलॅक्टोजच्या लहान लहान फांद्या फुटलेल्या असतात. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात म्हणून कापूस पाण्यात विरघळत नाही. इथे मधल्या फांद्यांमुळे साखळ्यांना तसं जवळ येता येत नाही, त्या पाण्यात फुगतात आणि थोड्याशा पिठातही भरपूर दाटपणा येतो. वाळल्यावर पापुद्रा चिवट राहतो. झाडाच्या दृष्टीने ही शिदोरी आहे. बी रुजताना कोंबाला लागणारी साखर त्यात बांधून ठेवलेली असते. आपण ती मध्येच उचलतो. आणखी एक गोष्ट म्हणजे ज्वारी खायची असते. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला भाकरीचं पीठ धाग्याला पाजणं परवडणार नव्हतं. फुकट पडलेला चिंचोका परवडला. हीच चिंचोक्याची पूड पुढे मोठ्या उद्योगांतही गेली. ताग आणि सुती धाग्याला खळ द्यायला ती वापरतात, छपाईचा रंग दाट करायलाही वापरतात.

खळ लावलेला ताणा खड्ड्याच्या मागावर चढतो. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. मला आधी वाटलं की खड्डा म्हणजे जागा वाचवायची युक्ती. बसल्यावर लक्षात आलं की मागाला वेगळा सांगाडा लागतच नाही, जमीनच सांगाड्याचं काम करते. लाकूड कमी लागतं, ठोक्याचा हादरा जमीन पिते. धोटा हाताने इकडून तिकडे जातो. नवी घोंगडी खळीमुळे पुठ्ठ्यासारखी कडक असते, वापरता वापरता मऊ पडते.

पावसात ती कशी टिकते हेही सांगते, कारण हॉस्टेलवर यावरून वाद झाला होता. लोकरीच्या केसाची बाहेरची बाजू स्निग्ध असते, तिच्यावरून पाण्याचा थेंब घरंगळतो. मेंढीच्या कातडीतून येणारं लॅनोलिनही हाताने केलेल्या कामात पुष्कळसं शिल्लक राहतं. केसाचा गाभा मात्र वाफ शोषतो. म्हणजे पाण्याला बाहेरून नकार आणि वाफेला आतून होकार, जे आज महागड्या रेनकोटांत पैसे देऊन मिळतं. शिवाय ओला झाल्यावर केस व्यासाने सुमारे १६ टक्के फुगतो, त्यामुळे विणीतली भोकं बुजतात. रिमझिम पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतलेला मेंढपाळ तासन्‌तास उभा राहू शकतो. पण घोंगडी म्हणजे ताडपत्री नव्हे. मुसळधार पावसात ती भिजतेच, आणि मग वर सांगितलेली म्हण लागू होते. म्हणूनच कोकण-मावळात, जिथे पाऊस थांबतच नाही, तिथे भातलावणीला घोंगडीपेक्षा इरलं बरं. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पळसाची पानं लावून केलेलं. एक लोकर नेसतं, एक पानं. पावसाचा प्रकार बदलला की कपड्याचा पदार्थ बदलला. डिझाइनच्या पहिल्या वर्षाला याहून चांगलं उदाहरण कोणतं द्यावं?

जपण्याची रीतसुद्धा झाडांच्याच भरवशावर. लोकर म्हणजे प्रोटीन, केराटिन. कपड्याचा साबण आणि सोडा अल्कधर्मी असतो, तो केराटिनमधले गंधकाचे बंध तोडतो आणि लोकर खरखरीत, अशक्त होते. रिठ्याच्या फेसात सॅपोनिन असतं, ते तसा मारा करत नाही. म्हणून घोंगडी धुवायचीच झाली तर रिठ्याच्या पाण्यात, गार पाण्यात, न घासता. घासली, गरम पाण्यात आपटली की खवले एकमेकांत कायमचे अडकतात आणि घोंगडी आक्रसून नमद्यासारखी होते. ठेवताना घडीत कडुलिंबाची वाळलेली पानं किंवा वेखंडाचा तुकडा. कसर या वासाला दूर राहते. पण वर्षातून एक-दोनदा बाहेर काढून ऊन दाखवणं त्याहून महत्त्वाचं, हे माझं नव्हे, माझ्या आजीचं मत.

धनगर समाजात घोंगडी नुसतं पांघरूण नाही. देवापुढे ती अंथरतात, पाहुण्याला बसायला तीच देतात. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा, खारीक, खोबरं यांच्याबरोबर लोकरही उधळतात. पिवळ्या धुळीत काळी लोकर उडताना एकदा पाहायला हवी.

आता जरा कडवट भाग. ज्या लोकरीवर हे सगळं उभं आहे तिला बाजारात भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून कित्येक ठिकाणी मेंढपाळ कातरलेली लोकर रानातच टाकून देतात. गिरण्यांना ती नको असते, कारण केस जाड आणि आखूड, शिवाय काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नाही. एके काळी शास्त्रज्ञांनी यावर उपाय म्हणून दख्खनीचा मेरिनोशी संकर करून पाहिला. राहुरीच्या कृषी विद्यापीठात त्यावर पुष्कळ काम झालं. पुढे पारडं मटणाकडे झुकलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जतकडची उंच, बाकदार नाकाची माडग्याळ मेंढीही मांसासाठीच चढ्या भावाने विकली जाते, तिच्या अंगावर लोकर नावालाच. यात मेंढपाळाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याचं पोट कोकराच्या विक्रीवर चालतं, लोकरीवर नाही. पण परिणाम असा की विणणाऱ्याला चांगली काळी लोकर शोधत फिरावं लागतं, आणि त्याच वेळी दुसरीकडे ती उकिरड्यावर पडलेली असते. दरम्यान बाजार पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी भरला, आणि यात्रेत ‘घोंगडी’ म्हणून ॲक्रिलिकही खपतं. ओळखायचं असेल तर एक धागा काढून, मोकळ्या जागेत, चिमट्यात धरून पेटवा. लोकर केस जळाल्यासारखा वास सोडते, ज्योत काढली की विझते आणि तिची राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक काळी गोळी होते.

आजोळच्या गल्लीत मी एका घराची नवी फरशी पाहिली. मध्ये एक चौकोन थोडा दबलेला होता. तिथे मागाचा खड्डा होता, तो मुरूम टाकून बुजवला होता. घरातला मुलगा आयटीआय करून कुरकुंभला नोकरीला लागलाय. त्याने खड्ड्यात पाय सोडून बसावं असं मला वाटण्याचा प्रश्नच येत नाही.

मागे एका प्रदर्शनात डिझाइन शिकणाऱ्या काही मुलांनी घोंगडीपासून केलेल्या वस्तू मांडल्या होत्या: लॅपटॉपचं कव्हर, पर्स, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या. वस्तू देखण्या होत्या, हातोहात खपल्याही. तरी मला तिथे काहीतरी खटकत होतं, आणि ते काय हे आठ दिवस चरख्यापाशी बसल्यावर कळलं. चकती केली म्हणून सूत लवकर कातलं जात नाही. एक माग चालता ठेवायला घरातल्या सगळ्या बायकांचं सूत लागतं, आणि या साखळीत सगळ्यात कमी मोबदला त्यांनाच मिळतो. सुनांना ते काम नको आहे, आणि का असावं? वस्तूचा आकार बदलणं हे डिझाइन झालं, मान्य. पण अडलेलं कुठे आहे? निवडणं, पिंजणं आणि कातणं इथे. तिथे कुणी डिझायनर फारसा फिरकत नाही, कारण त्याचे फोटो चांगले येत नाहीत. सुरेश एरियत यांच्या ‘देसी ऊन’ या लघुपटाला २०२५ मध्ये फ्रान्सच्या आनसी महोत्सवात पारितोषिक मिळालं. दख्खनी लोकरीचीच ती गोष्ट, आणि लोकरीतूनच साकारलेली. तो आवर्जून पाहा. पण त्यानंतरचं काम कॅमेऱ्याचं नाही, आपल्या वर्कशॉपचं आहे.

तयार कार्डिंग मशीन मिळतात, पण त्यातली बरीचशी मऊ, लांब, धुतलेल्या लोकरीच्या हिशेबाने केलेली. दख्खनी लोकर आखूड, जाड आणि मेणचट. ती तारांत अडकते, आणि मेण काढायला धुतली तर घोंगडीचा पाणी झटकण्याचा गुणच जातो. म्हणजे न धुतलेली लोकर पिंजणारं, दोन बायकांना उचलता येईल असं, पायाने किंवा लहान मोटरवर चालणारं यंत्र हवं. दातांमधलं अंतर किती, तारांचा कोन किती, रोलरचा वेग किती, चिकटलेलं मेण साफ कसं करायचं, हे सगळे आपल्या सिलॅबसमधलेच प्रश्न. चरख्यालाही बॉबीन आणि फ्लायर लावून पाहता येईल. यंदाच्या मेगा प्रोजेक्टसाठी आम्ही तिघींनी हाच विषय दिलाय. गाइड सरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘यंत्र झाल्यावर कातणारीची मजुरी वाढणार की तिचं कामच जाणार?’ त्यावर अजून आमच्यात भांडण चालू आहे. माझं म्हणणं आहे की यंत्र गावातल्या बायकांच्या गटाच्या मालकीचं असावं आणि पिंजण्याचे पैसे त्यांच्याकडेच यावेत. एक पार्टनर म्हणते की आधी यंत्र चालू दे, मग मालकी ठरव.

माझ्या खोलीत पलंगाखाली न धुतलेल्या लोकरीचं एक पोतं आहे (रूममेटची क्षमा मागून) आणि किलोभर सोललेले चिंचोके. ज्यांना हात लावून पाहायचंय त्यांनी रविवारी दुपारी गच्चीवर यावं, आम्ही ताणा ताणून पाजणी करणार आहोत. येताना जुना टूथब्रश आणा, कुंचा एकच आहे. आणि वेळेवर या, शिजवलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबते.